पत्रिकेतला मंगळ, कक्षेतला मंगळ

५ नोव्हेंबर २०१३. वार मंगळवार, सण भाऊबीज. दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले, तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी ओवाळणीची तबके तयार होत होती. भाऊबीजेची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. जिला भाऊ नाही, ती संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर जाऊन द्वितीयेच्या चंद्रकोरीला ओवाळते. चंद्र तिचा भाऊ, म्हणजे तिच्या मुलांचा मामा.

‘श्रद्धा आणि आकाश’ या सूत्रावर लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मला पहिल्यांदा ही तारीख आठवली. चंद्राला ओवाळणारा, पत्रिकेतल्या मंगळाला घाबरणारा, ग्रहणात देव झाकून ठेवणारा आपला समाज अवकाश मोहिमांच्या मागे इतक्या एकदिलाने कसा उभा राहतो? धरणांविरुद्ध, अणुभट्ट्यांविरुद्ध आपल्याकडे आंदोलने झाली. चांद्रमोहिमेविरुद्ध मोठा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. उलट २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चे उतरणे यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक ठिकाणी पाहिले जात होते.

समाजात वैज्ञानिक दृष्टी रुजली म्हणून हा पाठिंबा मिळाला, असे म्हणावे तर भोवतालचे चित्र त्याच्याशी जुळत नाही. श्रद्धा आड आली नाही म्हणून मिळाला, हे म्हणणेही मला अपुरे वाटते. मी जे पाहिले त्यावरून वाटते की तो बऱ्याच अंशी श्रद्धेतूनच आला आहे. त्याचे बळ तिथे आहे आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे.

देवीच्या दारात

चेन्नईहून गुडूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुल्लुरपेट लागते. तिथून निघणारा रस्ता पुलिकत सरोवर ओलांडून श्रीहरिकोटा बेटावर जातो. हिवाळ्यात या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे असतात, आणि बेटावर झाडीच्या वर प्रक्षेपणस्थळाचे मनोरे दिसतात. रस्त्याला लागण्याआधी गावातच चेंगाळम्मा परमेश्वरीचे देऊळ आहे. देवीचे दार कधी बंद होत नाही, अशी तिची ख्याती.

मी गेलो तो प्रक्षेपणाचा दिवस नव्हता. नारळ-फुलांच्या दुकानांपुढे नेहमीची गर्दी होती. दुकानदारांशी मोडक्या हिंदीत बोलणे झाले. प्रक्षेपण जवळ आले की साहेब लोक दर्शनाला येतात, मागोमाग कॅमेरेवाले येतात, हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की त्यात नवल वाटण्यासारखे काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. चांद्रयान-३ च्या प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी, १३ जुलै २०२३ ला, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ इथे येऊन गेले. त्याच दिवशी शास्त्रज्ञांचा एक गट यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुमलाला व्यंकटेशाच्या पायाशी गेला. हा परिपाठ जुना आहे आणि त्यावरचा आक्षेपही जुना. २०१३ मध्ये ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनी या प्रथेला उघडपणे अंधश्रद्धा म्हटले होते. इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या उड्डाणांत सी-१२ नंतर थेट सी-१४ येते, मधला १३ नाही, याकडेही अनेकांनी बोट दाखवले आहे.

जगात हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. बैकोनूरला सोयुझ उडण्यापूर्वी ऑर्थोडॉक्स धर्मगुरू अग्निबाणावर पवित्र जल शिंपडतात. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत १९६४ च्या रेंजर-७ पासून मोठ्या क्षणी शेंगदाणे खाण्याची प्रथा आहे. मात्र त्या गोष्टी प्रक्षेपणतळाच्या किंवा नियंत्रण कक्षाच्या आत राहतात. आपल्याकडे देवदर्शन होते ते सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर, आणि माझ्या मते खरे काम तिथे घडते. दूरदर्शनसमोर बसलेल्या बाईला क्रायोजेनिक इंजिन म्हणजे काय हे माहीत नसते. नवी गाडी दारात आली की ती चाकाखाली लिंबू ठेवते, बॉनेटवर स्वस्तिक काढते. देशाचा मोठा शास्त्रज्ञ तेच करताना तिला दिसतो आणि त्या क्षणी ते यान तिच्या घरचे होते. कितीही जाहिराती करून ही आपुलकी विकत घेता आली नसती. वैज्ञानिकाने असे वागावे का, या वादात राव यांची बाजू मला पटते. पण त्या वागण्याने पाठिंबा कमी झाला असे मात्र मला वाटत नाही. तो वाढलाच.

श्रीहरिकोट्याबद्दल लिहिताना आणखी एका समाजाची आठवण ठेवायला हवी. अवकाश केंद्र येण्याआधी या बेटावर यानादी आदिवासी राहत. जंगलातले कंद, मध, फळे, किनाऱ्यावरची मासळी यांवर त्यांचे जगणे होते. सत्तरच्या दशकात त्यांना तिथून हलवले गेले, काहींना केंद्रात कामही मिळाले. त्यांची दैवते, त्यांची जंगलाशी असलेली नाती यांना त्या निर्णयात किती जागा होती, हा प्रश्न देशाच्या आनंदोत्सवात कुणी विचारत नाही. ज्याची श्रद्धा बहुसंख्यांच्या श्रद्धेशी जुळते, त्याचीच विचारपूस होते.

वेदीच्या जागी प्रयोगशाळा

सुरुवातीला असे नव्हते. तिरुवनंतपुरमजवळ थुंब्याला सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च आहे. आज ते अवकाश संग्रहालय आहे. आवारात अग्निबाणांचे सांगाडे उभे आहेत, आत जुनी उपकरणे, आणि कमानींतून समुद्राचा वारा येतो. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते, आणि वातावरणाच्या वरच्या थरांतल्या विद्युतप्रवाहाचा अभ्यास करायला ती जागा उत्तम होती. विक्रम साराभाईंना ती हवी होती. तिथे मात्र कोळ्यांची वस्ती होती, त्यांचे चर्च होते, बिशपचे घर होते.

बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेत हा विषय लोकांपुढे ठेवला आणि मंडळींनी संमती दिली, हा प्रसंग अब्दुल कलामांनी लिहून ठेवला आहे. बिशपच्या घरात कार्यालय झाले, चर्चमध्ये काम सुरू झाले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून अमेरिकी नाइकी-अपाची अग्निबाण उडाला. संग्रहालयात हिंडताना मला सारखे जाणवत होते की भारतीय अवकाश कार्यक्रमाला पहिला सार्वजनिक होकार एका धर्मसभेत मिळाला. आणि तो ज्यांनी दिला, त्यांनी त्यासाठी आपली राहती जागा सोडली.

लोकांना काय सांगायचे, याबद्दल साराभाई अगदी स्पष्ट होते. श्रीमंत देशांशी चंद्राच्या शर्यतीत उतरण्याचे स्वप्न आम्ही पाहत नाही, आम्हाला देशाच्या खऱ्या प्रश्नांसाठी हे तंत्रज्ञान हवे आहे, अशी त्यांची मांडणी होती. ती कृतीतही उतरली. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोचले. पुढे हवामानाचा अंदाज आला, मच्छीमारांना मासळीची ठिकाणे कळू लागली, चक्रीवादळाची सूचना आधी मिळू लागली. हा उपयोगाचा युक्तिवाद खरा होता, आजही खरा आहे. पण त्यासाठी मिरवणूक कुणी काढली नाही. ढोल वाजले ते चंद्रासाठी, म्हणजे साराभाईंनी जिथे जायचे नाही असे म्हटले होते त्याच ठिकाणासाठी.

सप्तमीची संध्याकाळ

चांद्रयान-३ उतरले त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत त्या वर्षी गणपती २० ऑगस्टलाच आले होते. तिथे काही घरांत मूर्तीसमोर बसूनच लोकांनी ते उतरणे पाहिले. त्याआधी चार वर्षे चांद्रयान-२ चे विक्रम लँडर हरवले ती ६ सप्टेंबर २०१९ ची उत्तररात्र, म्हणजे गौरीपूजनाची रात्र. दोन्ही वेळा शुद्ध पक्ष, दोन्ही वेळा अष्टमीच्या आसपास. मुहूर्त काढला होता का, असे मला किमान तीन ठिकाणी विचारण्यात आले.

मुहूर्त काढला होता, पण तो सूर्योदयाचा. लँडर आणि रोव्हर सूर्यप्रकाशावर चालतात. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा. तो पुरता वापरायचा तर तिथली सकाळ गाठली पाहिजे. सकाळच्या तिरप्या उन्हात खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि धोका ओळखू येतो. दोन्ही यानांची नियोजित जागा चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूच्या पूर्वार्धात होती, आणि त्या भागात सकाळ होते ती अमावास्येपासून शुद्ध अष्टमीपर्यंतच्या दिवसांत. रशियाचे लूना-२५ त्याच आठवड्यात उतरायला निघाले होते तेही याच कारणाने. ते १९ ऑगस्टला चंद्रावर आदळले.

आता तिथी म्हणजे काय? पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पुरी होते. सप्तमी म्हणजे ७२ ते ८४ अंश. चंद्राच्या कोणत्या भागात ऊन पोचले आहे हे सांगणाराही हाच कोन. बेंगळुरूच्या अभियंत्यांनी उतरण्याचा दिवस ठरवताना जो कोन पाहिला, तोच आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेला असतो. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून लाखो मराठी घरांत दर महिन्याला संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ मिनिटांत पाहिली जाते. उपास सोडायला चंद्र हवा, आणि तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही अनुभवाने ठाऊक असते.

या परंपरेतला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांच्या लक्षात आले की पंचांगातली गणिते आकाशाशी जुळेनाशी झाली आहेत, ग्रहणेही सांगितल्या वेळी लागत नाहीत. त्यांनी युरोपीय वेधांच्या आधारे पंचांग सुधारायला घेतले, आणि त्यातून पटवर्धनी पंचांग आले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ग्रहगणित नव्याने मांडले. याच केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे गणिताने सुचवले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला. धर्मकार्यासाठी वेळ अचूक हवी, म्हणून दुर्बीण हवी, म्हणून गणित हवे, अशी ही साखळी होती. श्रद्धेने निरीक्षणाची मागणी केली आणि उत्तर विरुद्ध गेले तेव्हा जुना ग्रंथ बाजूला ठेवला. चंद्रमोहिमेवरच्या आपल्या प्रेमाची मुळे शोधायची तर मी ती पुराणांतल्या विमानांपेक्षा इथे शोधेन.

मंगळ : आहे / नाही / सौम्य

पुण्याच्या पेठेतल्या एका वधुवर सूचक केंद्रात गेलो. अर्जात नाव, शिक्षण, उत्पन्न यांच्याखाली रास, नक्षत्र, नाडी, गण आणि मग मंगळाचा रकाना. संगणकावर नोंदणी झाली तरी रकाना आहे तिथेच आहे. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी मंगळयानाची बातमी हौसेने पाहिली होती, चांद्रयान उतरले तेव्हा कार्यालयात पेढे वाटले होते. मंगळ पाहणे त्यांनी थांबवलेले नाही. त्यांचे कारण मला विचार करायला लावणारे वाटले. त्यांचा स्वतःचा मंगळावर फारसा विश्वास नाही. पण लग्नानंतर काही बरेवाईट झाले तर मंगळ का पाहिला नाहीत, असे लोक त्यांना विचारतील, ही भीती त्यांना आहे.

हिशेब साधा आहे. पत्रिकेत बारा स्थाने. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ असला की पत्रिकेला मंगळ लागला. बारांतली पाच स्थाने, म्हणजे परिहार धरण्यापूर्वी शंभरातल्या चाळीसएक माणसांना मंगळ असणारच. त्यातल्या मुलींना त्याची झळ अधिक लागते, हे त्या बाईंनीही मान्य केले.

२४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले. सुमारे ४५० कोटी रुपयांत, पहिल्याच प्रयत्नात. साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या इस्रोतल्या स्त्रियांचे हसरे छायाचित्र जगभर गेले, आणि शास्त्रज्ञ कसा दिसतो याबद्दलची आपली कल्पना त्या एका दिवसात बदलली. त्या सकाळी भाद्रपद अमावास्या चालू होती. पितृपंधरवडा अजून संपायचा होता. या दिवसांत आपण घर घेत नाही, गाडी घेत नाही, मुलगी पाहायला जात नाही. पण यान कोणत्या तिथीला पोचते आहे याची चिंता कुणी केली नाही, कारण ग्रहांची गती थांबत नाही हे सर्वांना मनातून कळत होते. मग तेच कळणे लग्नाच्या अर्जापाशी येऊन का अडते?

जयंत नारळीकरांनी या प्रश्नाला प्रयोगाने हात घातला होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसह त्यांनी हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांची आठवण सगळ्यांनी काढली. या प्रयोगाची आठवण त्या मानाने कमी जणांनी काढली, याचे मला वाईट वाटले.

इतरांचा चंद्र

आपला चंद्र घरचा आहे म्हणून तिथे जायला हरकत नाही. सगळ्या समाजांत नाते असे वळण घेत नाही. अमेरिकेतल्या नवाहो लोकांना चंद्र पवित्र आहे, आणि तिथे माणसाची राख नेणे हा त्याचा अवमान. १९९८ च्या लूनर प्रॉस्पेक्टर यानातून भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांच्या अस्थी गेल्या, तेव्हा नवाहो नेशनने निषेध केला आणि नासाने दिलगिरी व्यक्त केली. २०२४ च्या जानेवारीत एका खासगी यानातून पुन्हा अस्थी निघाल्या, पुन्हा आक्षेप आला. ते यान चंद्रावर पोचलेच नाही. चीनमध्ये यानाला चंद्रदेवी छांग-अचे आणि रोव्हरला तिच्या सशाचे नाव मिळाले. तिथे दंतकथा राज्याच्या कामाला लागली. आणि ज्या अमेरिकेने माणूस चंद्रावर उतरवला, तिथे साठच्या दशकात बहुतेक काळ अपोलोच्या खर्चाला बहुमत नव्हते. अपोलो-११ च्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अबरनाथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबे घेऊन केप केनेडीच्या दारात उभे राहिले होते.

आपण आपल्या उतरण्याच्या जागांना दिलेल्या नावांतही काळ दिसतो. २००८ मध्ये चांद्रयान-१ चा शोधक जिथे आदळला ती जागा ‘जवाहर’, २०१९ ची ‘तिरंगा’, २०२३ ची ‘शिवशक्ती’. शेवटच्या नावाला मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मान्यता दिली. नाव कोणते असावे यावर मतभेद होतील. मला अधिक लागते ते असे की नाव घराघरांत पोचले, पण तिथे काय सापडले ते पोचले नाही. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत जेमतेम आठ सेंटिमीटर खाली जाऊन पाहिले, तर वर पन्नास अंशांच्या पुढे तापलेली माती तिथे उणे दहाच्या आसपास थंड होती. एका वितीहून कमी खोलीत साठ अंशांचा फरक! प्रज्ञान रोव्हरला गंधक सापडले. भेटलेल्या लोकांपैकी उतरण्याची वेळ मिनिटासकट सांगणारे बरेच निघाले. मातीतला हा फरक एका शाळकरी मुलीने सांगितला.

गच्चीवर

७ सप्टेंबर २०२५ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होते. वेध दुपारीच लागले. पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीत आकाशनिरीक्षणाचा छंद असलेल्या मुलांनी गच्चीवर दुर्बीण लावली होती. खाली सोसायटीच्या देवळात मूर्तीवर वस्त्र घातलेले. रात्री अकराला खग्रास अवस्था सुरू झाली, ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र दिसू लागला, तसे एकेक कुटुंब जिन्याने वर आले. एक आजी रांगेत उभ्या राहिल्या. दुर्बिणीतून पाहून झाल्यावर त्यांनी मुलांना धरून ठेवले. सावली काळी असते, मग हा तांबडा का? मुलाने समजावले की पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून जाणारे सूर्याचे तांबडे किरण त्याच्यावर पडतात. त्यांनी पुन्हा रांग धरली. मोक्षानंतर अंघोळ करायची म्हणून पाणी तापवायला सांगून त्या वर आल्या होत्या, हे त्यांनीच सांगितले. त्यांची गरोदर नात मात्र खोलीतच होती, पडदे ओढून.

त्या आजींचा प्रश्न मला देवीच्या दारातल्या नारळांपेक्षा आणि पेढ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. यशावर उभा असलेला पाठिंबा अपयशात टिकेलच असे नाही. २०१९ ला तो टिकला, कारण हळवेपणा होता, इस्रोच्या तेव्हाच्या अध्यक्षांचे अश्रू होते. पण चांद्रयान-४ चंद्राची माती आणायला जाणार आहे, त्याला २१०४ कोटी मंजूर झाले आहेत, आणि त्या मातीचे काम वर्षानुवर्षे प्रयोगशाळांत गाजावाजा न होता चालेल. त्या कामाच्या मागे उभे राहायला तांबडा का, असे विचारणारी माणसे लागतील. ती आपल्या घरांत आहेत. त्यांच्यातल्या काहींना आपणच ग्रहणात खोलीत बसवतो.

ठाण्याचे दा. कृ. सोमण पंचांगकर्ते आहेत आणि तेच वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की ग्रहणाला घाबरण्याचे कारण नाही, ते पाहावे. ही वाट मला सर्वांत आशेची वाटते, कारण ती पंचांगातूनच निघते. २ ऑगस्ट २०२७ ला, दीप अमावास्येच्या दिवशी, सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. पावसाळ्याचे दिवस, ढग असतीलच. त्या वर्षीच्या दिनदर्शिकेत वेध, स्पर्श, मध्य, मोक्ष यांच्या वेळा छापल्या जातील. त्यांच्याखाली आणखी एक ओळ छापावी, अशी माझी पंचांगकर्त्यांना विनंती आहे : सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, ऊन पडले तर स्वयंपाकघरातली पिठाची नव्हे, मोठ्या भोकांची चाळण अंगणात धरावी, जमिनीवर प्रत्येक भोकातून एकेक सूर्यकोर उमटेल, आणि ती पाहायला घरातल्या सर्वांना बोलवावे, गरोदर सुनेलाही.